रास्पबेरी पायचं कार्ड सारखं उडतंय? नवं आणण्याआधी पाच व्होल्ट मोजा

लक्षणं अशी. रास्पबेरी पाय, म्हणजे एसडी कार्डावरून चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर (पुढे नुसता ‘पाय’), आठ-पंधरा दिवस निमूट चालतो. मग एके सकाळी एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्यात शिरायची जोडणी, लागत नाही. बोर्डावरचा लाल दिवा चालू असतो, हिरवा एखाद-दोनदा लुकलुकून गप्प होतो. टीव्हीला जोडलं तर काळ्या पडद्यावर कर्नल पॅनिक (सिस्टिमचा गाभाच थांबल्याची सूचना), त्याच्या आसपास रूट फाइल सिस्टिम माउंट होत नसल्याची तक्रार आणि ‘अननोन-ब्लॉक १७९,२’ असं काहीतरी. कार्ड काढून लॅपटॉपवर नव्याने इमेज मारली, म्हणजे अख्खी सिस्टिम पुन्हा कार्डावर लिहिली, की सगळं सुरळीत. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. दोन-तीनदा असं झालं की माणूस कार्डाला शिव्या घालतो, महागातलं कार्ड आणतो, आणि काही दिवसांनी तेही उडतं.

त्या १७९,२ चा अर्थ एसडी कार्डावरचं दुसरं पार्टिशन, जिथे सगळी सिस्टिम बसलेली असते. पहिल्या पार्टिशनवरून कर्नल लोड झाला, दुसरं मात्र त्याला वाचता आलं नाही. यावरून लोक कार्ड खराब ठरवून मोकळे होतात. बऱ्याचदा कार्ड शाबूत असतं. त्यावरचं लिखाण मधेच तुटलेलं असतं. आणि ते तुटतं लिहिता लिहिता बोर्डाची वीज कमी पडल्यामुळे किंवा गेल्यामुळे. त्यामुळे या दुखण्यात कार्ड मी सगळ्यात शेवटी बदलतो. आधी केबल, मग अडॅप्टर, मग बोर्डाला लटकवलेला पसारा, मग लाइट जाण्याचा बंदोबस्त, आणि उरलंच काही तर कार्ड.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.

आधी पायलाच विचारा

२०१४ च्या बी-प्लसपासूनच्या बोर्डांवर व्होल्टेज बघणारं सर्किट असतं. पाच व्होल्टची लाइन साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेली की ते नोंद करतं. स्क्रीन जोडलेली असेल तर कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. पण बहुतेकांचा पाय टीव्हीमागे नाहीतर माळ्यावर, बिनस्क्रीनचा पडलेला असतो, तिथे ती वीज बघणार कोण? म्हणून ही कमांड: व्हीसीजेनसीएमडी, जागा सोडून गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड.

उत्तर ०एक्स० आलं तर बूट झाल्यापासून सगळं ठीक आहे. ०एक्स५०००० आलं तर आत्ता ठीक आहे, पण मधे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. ०एक्स५०००५ म्हणजे पडलं होतं आणि या क्षणीही पडलेलं आहे. वाचायची रीत सोपी आहे. उजवीकडचा शेवटचा अंक आत्ताची स्थिती सांगतो, उजवीकडून पाचवा अंक आधी घडून गेलेलं. दोन्हीकडे १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे प्रोसेसरच्या वेगाला लगाम, ४ म्हणजे थ्रॉटलिंग, ८ म्हणजे तापमानाची पहिली मर्यादा ओलांडली. एकाहून जास्त गोष्टी झाल्या तर बेरीज दिसते. ५ म्हणजे १ अधिक ४, व्होल्टेज पडलं म्हणून पायने स्वतःचा वेग कमी केला.

इथे दोन खाचखळगे आहेत. ही नोंद रीबूट झाली की पुसली जाते. म्हणजे पाय अडकला, तुम्ही स्विच बंद-चालू केला आणि मग कमांड दिली, तर ०एक्स० येणारच. त्यावर विसंबू नका. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) दर मिनिटाला ही कमांड चालवून तिचं उत्तर तारीख-वेळेसकट घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवत राहा. त्याच कार्डावर लिहून ठेवण्यात अर्थ नाही, कारण नेमका तोच कागद फाटणार आहे. दुसरं, पाय झिरो मालिकेच्या बोर्डांवर हे सर्किटच नाही. तिथे ०एक्स० ला काही किंमत नाही, सरळ मीटर लावावा लागतो.

याच्या जोडीला कर्नलच्या नोंदी दाखवणारी डीमेसेज ही कमांड द्या, म्हणजे डी-एमईएसजी. अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड आणि थोड्या वेळाने व्होल्टेज नॉर्मलाइज्ड अशा जोड्या दिसल्या तर पुढचं वाचण्याआधी केबल बदला. आणि बूट होऊन किती वेळ झाला ते सांगणारी अपटाइम ही साधी कमांड विसरू नका. आठवडाभर हात लावला नाही आणि अपटाइम तीन तास दाखवत असेल, तर बोर्ड गुपचूप रीसेट होतोय. अशा प्रत्येक रीसेटला कार्डावर काही लिहिलं जात असेल तर एक जुगार खेळला जातो. तुम्ही त्यातले बहुतेक जिंकता, म्हणूनच पंधरा दिवस सगळं छान वाटतं.

पाच व्होल्ट वाटेत कुठे सांडतात

अडॅप्टरवर ५ व्होल्ट ३ अँपिअर छापलेलं असतं, लोक तेवढं बघून निश्चिंत होतात. पण तो आकडा अडॅप्टरच्या तोंडाशी आहे. पायला काय मिळतं ते केबल ठरवते.

हिशेब करून बघू. मोबाइलच्या स्वस्त केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या असतात. २८ गेज तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटर केबलसाठी दोन मीटर तार धरा, ०.४२ ओहम झाला. पाय ४ वर ब्राउझर उघडून, पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड लावून २ अँपिअर ओढले, तर केबलमध्येच ०.८४ व्होल्ट खलास. पाचातून उरले ४.१६. मर्यादा ४.६३ ची! अडॅप्टर कितीही भारी असू दे, या केबलवर तो काही करू शकत नाही. तीच केबल २४ गेजची असेल तर रोध चौपट-पाचपट नाही पण अडीच पट कमी होतो, तेवढ्याच अंतरात पडतात ०.३४ व्होल्ट. २० गेज असेल तर ०.१३ च्या आसपास.

आता लक्षात येईल की पाय ४ चा अधिकृत अडॅप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट का देतो आणि त्याची केबल जाड आणि न निघणारी का असते. ते ०.१ व्होल्ट केबलसाठीच वाढवून दिलेले आहेत.

केबल विकत घेताना तिच्या अंगावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. ‘२८ एडब्ल्यूजी १पी, २४ एडब्ल्यूजी २सी’ अशा धर्तीचं काही दिसेल. पहिला आकडा डेटाच्या जोडीचा, दुसरा विजेच्या दोन तारांचा. आपल्याला दुसऱ्याशी मतलब. आकडा जेवढा लहान तेवढी तार जाड. काहीच छापलेलं नसेल तर केबल ठेवून द्या, फोन चार्ज करायला चालेल. फोनला कमी व्होल्टेज मिळालं तर तो हळू चार्ज होतो, एवढंच. तक्रार करत नाही. म्हणून ‘माझा फोन तर याच केबलवर मस्त चार्ज होतो’ हा पुरावा इथे चालत नाही.

फास्ट चार्जरचंही तसंच. ६५ वॅटचा चार्जर आहे म्हणजे पायला ६५ वॅट मिळणार, असं नसतं. तो आकडा सहसा २० व्होल्टवरचा असतो, आणि तेवढं व्होल्टेज समोरच्या उपकरणाने मागितलं तरच मिळतं. पाय ४ काही मागत नाही, त्यामुळे त्याला ५ व्होल्टच मिळतात. म्हणून चार्जरच्या पाठीवर ५ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. तिथे २ असेल तर पाय ४ ला तो अपुरा आहे, मग डब्यावर काहीही छापलेलं असो. २०१९ च्या सुरुवातीच्या पाय ४ बोर्डांत तर यूएसबी-सी जोडणीतच एक दोष होता. लॅपटॉपच्या ई-मार्क (आत चिप असलेल्या) केबलने जोडलं तर चार्जर त्यांना ऑडिओचं काहीतरी समजायचा आणि वीजच द्यायचा नाही. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं, पण जुना बोर्ड सेकंडहँड घेतला असेल आणि लाल दिवासुद्धा लागत नसेल तर आधी साधी केबल लावून बघा.

मोजायचं असेल तर मीटर अडॅप्टरच्या तोंडाशी नको, बोर्डावर लावा. जीपीआयओच्या, म्हणजे बोर्डावर बाहेरच्या जोडण्यांसाठी असलेल्या, चाळीस पिनांपैकी ४ नंबरची ५ व्होल्ट आणि ६ नंबरची ग्राउंड. प्रोब हातात धरून टेकवू नका. घसरला आणि शेजारची ३.३ व्होल्टची पिन ५ ला चिकटली तर बोर्ड कायमचा गेला. फीमेल जंपर वायर पिनांवर चढवा, दुसरी टोकं मगर-क्लिपने मीटरला जोडा, आणि मग स्ट्रेस-एनजी चालवून चारही कोअर कामाला लावा. नुसत्या पडून असलेल्या पायचं व्होल्टेज मोजण्यात हशील नाही. भाराखाली ४.८ च्या वर राहिलं तर निवांत. ४.७ च्या आसपास घुटमळत असेल तर एखादी पेनड्राइव्ह लावली की खाली जाईल. मीटर सरासरी दाखवतो, काही मिलिसेकंदांची डुबकी त्याला दिसत नाही. ती पकडायला वरची थ्रॉटल्डची कमांडच बरी.

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर

मुंबईतला हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. रविवार टाळा, बहुतेक शटर खाली असतात. पाय आणि मीटर सोबत न्या. दुकानदाराला ‘पायचा अडॅप्टर द्या’ म्हटलं की तो समोर तीन प्रकारचे ठेवतो, सगळे ५ व्होल्ट ३ अँपिअरवाले, किमतीत दुपटीचा फरक. वजनावरून थोडाफार अंदाज येतो, पण खात्री मीटरचीच. काउंटरवरच जोडून दाखवा म्हणावं. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याच्याकडे घेऊ नये. कार्डाच्या बाबतीत मात्र काउंटरवर खात्री करता येत नाही, म्हणून फुटपाथवरची कार्डं घेऊच नयेत. त्याबद्दल पुढे.

बोर्डाला लटकवलेला पसारा

केबल आणि अडॅप्टर चोख असूनही व्होल्टेज पडत असेल, तर पाय कुणाकुणाला पोसतोय ते बघा. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना एकटीच अँपिअरभर ओढू शकते. म्हणून डिस्क असेल तर तिला स्वतःचा अडॅप्टर असलेला हब द्या. आणि हब असा घ्या जो उलटी वीज पायमध्ये सोडत नाही. अडॅप्टर काढल्यावरही पायचा लाल दिवा मंद जळत राहिला, तर तुमचा हब ते करतोय.

आपल्याकडे सोसायट्यांमध्ये पायचा सगळ्यात लोकप्रिय उपयोग म्हणजे पाण्याची टाकी. पालिकेचं पाणी ठरावीक वेळेला येतं, खालची टाकी भरली की पंप लावायचा, वरची भरली की बंद करायचा. फ्लोट स्विच, रिले बोर्ड, एक पाय, झालं. आणि या जोडणीत कार्ड हटकून उडतं, याची कारणं दोन.

पहिलं, रिले बोर्डावरच्या निळ्या पाच व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर घेते. आठ रिलेंचं बोर्ड घेतलं आणि सगळे एकदम चालू झाले की अर्ध्या अँपिअरच्या वर गेलं, आणि ते तुम्ही पायच्याच ५ व्होल्ट पिनेवरून घेताय. अशा बहुतेक बोर्डांवर जेडी-व्हीसीसी नावाचा एक जंपर असतो. तो काढा, कॉइलसाठी वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या, आणि पायकडून फक्त सिग्नल न्या. ऑप्टोकपलर त्यासाठीच बसवलेला असतो. जंपर तसाच ठेवला तर त्याचा उपयोग शून्य.

दुसरं कारण पंप स्वतः. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि तेवढ्या वेळापुरती त्या लाइनवरची २३० व्होल्ट खाली बसतात. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींमध्ये लिफ्ट निघाली की ट्यूबलाइट डोळा मारते, ते हेच. चांगल्या अडॅप्टरच्या आतल्या कपॅसिटरमध्ये एवढा साठा असतो की असा झोका तो पचवतो. स्वस्तातला अडॅप्टर पचवत नाही, त्याचं ५ व्होल्टही त्याच क्षणी झुकतं, आणि तोच क्षण असतो ‘पंप चालू केला’ ही नोंद कार्डावर लिहिण्याचा. पायचा अडॅप्टर पंपाच्या लाइनवर नको, पॅसेजच्या दिव्यांच्या लाइनवर घ्या. काँटॅक्टरच्या (पंप चालू-बंद करणारा मोठा स्विच) कॉइलवर स्नबर, म्हणजे विजेची उसळी शोषणारी जोडणी, बसवा. आणि २३० व्होल्टच्या बाजूचं काम वायरमनकडूनच करून घ्या. टाकीची खोली ओली असते, तिथे प्रयोग नकोत.

गणपतीच्या आधी याच दुखण्याचा दुसरा अवतार दिसतो. मखराला रंग बदलणाऱ्या डब्ल्यूएस२८१२ एलईडी पट्ट्या, त्या नाचवायला पाय. एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. मीटरला ६० पिक्सेलची पट्टी म्हणजे ३.६ अँपिअर, पाय ४ च्या अख्ख्या अडॅप्टरपेक्षा जास्त. घरी चाचणी घेताना लाल-निळा-हिरवा फिरत असतो, तेव्हा चालून जातं. आरतीच्या वेळी कुणीतरी ‘सगळे पांढरे कर रे’ म्हणतं आणि पाय आडवा होतो. पट्टीला वेगळा सप्लाय, ग्राउंड मात्र दोघांचं एक. हे टाळून चालत नाही.

लाइट जाते तेव्हा

मुंबईत लाइट जाणं तसं कमीच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी जवळजवळ सगळ्या महानगराची वीज एकदम गेली होती, तसे दिवस विरळा. पायला मारतात ते छोटे झटके, डोळ्याची पापणी लवेपर्यंत गेली-आलीवाले. टीव्ही बंद होत नाही, पंखाही फिरत राहतो, पाय मात्र रीसेट होतो. आणि घरातली माणसं. साफसफाई करताना ‘हे काय सारखं चालू असतं’ म्हणून स्पाइक बस्टर बंद करणारी व्यक्ती प्रत्येक घरात असते.

अचानक वीज गेली की एक्स्ट-४ फाइल सिस्टिम जर्नलच्या (बदल करण्याआधी ठेवलेल्या नोंदीच्या) आधारे स्वतःला बऱ्यापैकी सावरते. पण कार्डाच्या आतला कंट्रोलर कुठला डेटा कुठल्या ब्लॉकमध्ये आहे याचा स्वतःचा नकाशा ठेवतो, आणि थोडं लिहायलाही मोठे ब्लॉक पुसून पुन्हा भरतो. त्या कामाच्या मधे वीज गेली तर ज्या फाइलला कुणी हात लावला नव्हता तीही जाऊ शकते. जर्नलला याचा पत्ताच नसतो.

उपाय म्हणून लोक पहिल्यांदा यूपीएसकडे धावतात. मी आधी लिहिणंच बंद करतो. रास्पी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या कमांडमध्ये परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिम आहे. ती चालू केली की कार्ड फक्त वाचलं जातं, लिहिलेलं सगळं रॅममध्ये जातं आणि रीबूटला उडून जातं. टाकीचा कंट्रोलर, मखराचे दिवे, सोसायटीच्या नोटिसा दाखवणारा टीव्ही यांना एवढं पुरतं. वीज खुशाल जाऊ दे. काही बदलायचं असेल तर ओव्हरले बंद करून रीबूट, बदल, पुन्हा चालू, एवढा त्रास.

ज्याला डेटा साठवायचाच आहे, होम असिस्टंट (घरातली उपकरणं सांभाळणारं) किंवा पाय-होल (जाहिराती अडवणारं) यांसारखं, तिथे हे चालणार नाही. तिथे सिस्टिम कार्डावरून काढून एसएसडीवर न्या. पाय ४ आणि ५ यूएसबीवरून बूट होतात. एसएसडीची भूक वरच्या हिशेबात धरायला विसरू नका. लॉग रॅममध्ये ठेवणारा लॉग२रॅम बसवला तर लिहिणं आणखी कमी होतं. मग यूपीएस. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणि त्यापुढे व्होल्टेज ५ वर उतरवणारा बक कन्व्हर्टर ही जोडी चालते, कन्व्हर्टर खरोखर ३ अँपिअर देणारा असेल तर. पॉवरबँक मात्र बघून घ्या. चार्जिंगवरून बॅटरीवर जाताना बऱ्याच पॉवरबँक क्षणभर आउटपुट तोडतात, म्हणजे ज्या झटक्यासाठी ती लावली तोच झटका ती स्वतः देते.

लाइट जाऊन आल्यावर एसएसएच लागत नाही म्हणून लगेच कार्ड काढू नका. राउटर आणि पाय एकदम सुरू होतात, राउटरला वेळ लागतो, कधी पायला नवाच आयपी पत्ता मिळतो आणि तुम्ही जुन्या पत्त्यावर हाका मारत बसता. राउटरमध्ये पायचा पत्ता राखून ठेवा. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांना स्वतःचं घड्याळही नाही. इंटरनेट मिळेपर्यंत ते मागची जतन केलेली वेळ धरून चालतात, त्यामुळे सर्टिफिकेटच्या चुका दिसतात, क्रॉनची कामं भलत्या वेळेला होतात. हे सगळं कार्ड उडाल्यासारखं वाटतं, पण पाच-दहा मिनिटांत आपोआप निवळतं.

कार्ड खरंच गेलंय का

जातातही. मेलेल्या कार्डाची एक खूण पक्की आहे: फाइल बनवा, सिंक कमांड द्या, रीबूट करा. फाइल गायब आणि आधी पुसलेल्या फाइली परत हजर, तर कार्डाने लिहिणं सोडलंय. त्याला कितीही इमेज मारा, जुनंच दिसेल. फक्त आधी ओव्हरले चालू नाही ना ते बघा, तिथेही हुबेहूब असंच होतं.

नकली कार्डाची गोष्ट वेगळी. ६४ जीबी छापलेलं, आत ८ जीबी. खऱ्या क्षमतेपर्यंत उत्तम चालतं, त्यापुढे लिहिलेलं हवेत जातं. नवं कार्ड आणलं की लिनक्स किंवा मॅकवर एफ३, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवून पूर्ण भरून वाचून घ्या. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. चोवीस तास लिहिणाऱ्या पायसाठी सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्यांकरता विकलं जाणारं हाय-एंड्युरन्स कार्ड घ्या. कार्डावरचा ए१ शिक्का (तुकड्या-तुकड्यांनी वाचण्या-लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) पुरेसा आहे. फोटोग्राफरचं महाग, सलग वेगाने लिहिणारं कार्ड इथे वाया जातं, कारण पायला तुकड्या-तुकड्यांनी वाचायचं-लिहायचं असतं.

आणि चालू असलेल्या कार्डाची प्रत काढून ठेवा. डेस्कटॉपच्या मेनूत ॲक्सेसरीजखाली एसडी कार्ड कॉपीअर आहे, यूएसबी रीडरमध्ये दुसरं कार्ड घाला, झालं.

नव्याने इमेज मारताना

इमेजरमध्येच, म्हणजे कार्डावर इमेज लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, युजरनेम, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच भरून टाका. एप्रिल २०२२ पासून पाय नावाचा आयता युजर येत नाही. जुन्या व्हिडिओंमध्ये बूट पार्टिशनवर डब्ल्यूपीए सप्लिकंटची (वायफायच्या सेटिंगची) फाइल टाकायला सांगतात, ते सिस्टिमच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून चालत नाही. कॉन्फिग फाइलही तेव्हापासून बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. वायफायचा देश भारत निवडा, नाहीतर वायफाय बंदच राहतं. झिरो २ डब्ल्यूला ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही. लिहून झाल्यावर इमेजर पडताळणी करतो, ती वगळू नका. आणि पहिल्या बूटला पार्टिशन ताणलं जात असतं, तेव्हा ‘अडकलं वाटतं’ म्हणून स्विच बंद करू नका.

बूटच होत नसेल तर हिरव्या दिव्याचे झटके मोजा. चार छोटे म्हणजे स्टार्ट फाइल सापडली नाही, सात म्हणजे कर्नल नाही. हे दोन आले तर इमेज अर्धवट आहे. दोन लांब आणि एक छोटा म्हणजे बूट पार्टिशन फॅट फॉरमॅटचं नाही. चार लांब आणि सहा किंवा सात छोटे म्हणजे थेट विजेची तक्रार, वर जा आणि केबलपासून सुरू करा.

पाय ५ वाल्यांसाठी

त्याचा अधिकृत अडॅप्टर २७ वॅट या नावाने विकला जाणारा, ५.१ व्होल्टला ५ अँपिअर देणारा. ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारे चार्जर दुकानात सहसा मिळत नाहीत, १०० वॅटचे लॅपटॉप चार्जरसुद्धा ५ व्होल्टवर ३ वरच थांबतात. ३ अँपिअरवर पाय ५ चालतो, पण यूएसबीला सगळे मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. पूर्ण सप्लाय असेल तर १.६ अँपिअर. त्यामुळे ‘पाय ४ वर चालणारी एसएसडी पाय ५ वर मधेच गायब होते’ या तक्रारीत एसएसडीचा दोष नसतो. कॉन्फिगमध्ये यूएसबी मॅक्स करंट एनेबल १ करून मर्यादा उठवता येते, पण अडॅप्टर खरोखर तेवढा देत असेल तरच. नाहीतर पुन्हा त्याच चक्रात याल.

सगळं करूनही व्होल्टेज पडतंय

पाय ३ सारख्या मायक्रो-यूएसबी बोर्डांवर विजेच्या वाटेत एक पॉलीफ्यूज असतो. कधी शॉर्ट होऊन तो तापला असेल तर थंड झाल्यावर पुन्हा चालू होतो, पण त्याचा रोध काही दिवस वाढलेलाच राहतो, कधी पूर्ववत होतच नाही. केबलच्या पायकडच्या टोकाला आणि जीपीआयओ पिनेवर भाराखाली मोजा. मधे पाव व्होल्टहून जास्त फरक असेल तर फ्यूज किंवा पोर्ट. पोर्ट हलवला की लाल दिवा लुकलुकत असेल तर पोर्टच. समुद्राजवळच्या घरांत, पावसाळा संपता संपता, पोर्टच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला दिसतो. वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, मग पूर्ण वाळू द्या, आणि पुन्हा त्याच दोन ठिकाणी मोजा. फरक तसाच राहिला तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून पोर्ट बदलून घ्या. त्यानेही जमलं नाही तर बोर्ड बदलायची वेळ आली, कार्ड मात्र तेच पुढच्या बोर्डात घाला.